कोरी बाही

मित्रांनो, तुमच्या घरात टीव्हीच्या मागे किंवा दारावरच्या फळीवर एक लहानसा डबा असेल. त्याला दोन-तीन शिंगे असतात, अंगावर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि नेट बंद पडल्याशिवाय त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. तसाच एक डबा मी. मला राऊटर म्हणतात. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि दिवे विझूनही बरेच दिवस झाले. पण माझ्या हातून एका घराचे नुकसान झाले आहे. ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय भंगारात जायला माझे मन तयार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते तळोज्याचे गोदाम. तिथे आम्ही शेकडो भावंडे खोक्यांत बंद होतो आणि आजूबाजूच्या कारखान्यांचा आंबट वास खोक्यातही येत असे. तिथून मी वाशीच्या एका दुकानात आलो, आणि आठ वर्षांपूर्वी जयमालाने मला विकत घेऊन सानपाड्याला आणले. तिच्याविषयी मी एकेरीच बोलणार आहे. आठ वर्षे घरात राहिलो, मी घरातलाच.

जयमाला मूळची बोनकोड्याची, खाडीकाठच्या आगरी घरातली. तिचा नवरा नंदकिशोर कराडकडचा, तळोज्याच्या एका कंपनीत फिटर. क्षिप्रा ही त्यांची एकुलती एक मुलगी. जयमाला घरीच एम्ब्रॉयडरीचे काम करायची. तिने नवी मशीन घेतली होती. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मग मशीन वाय-फायवरून ती नक्षी मागून घेते आणि कापडावर उतरवते. त्यासाठीच मला आणले होते.

माझे काम थोडक्यात सांगतो. घरातल्या कोणी बाहेरून काही मागवले, तर ते मी आत घेतो. न मागवलेले बाहेरच ठेवतो. तुम्हाला वाटते नेटवर तुम्ही एकटे बसला आहात. तसे नसते. दिवसभर अनोळखी लोक येऊन दार ढकलून बघत असतात, कुठे फट आहे का, कडी नीट लागली आहे का. मी त्यांना उत्तरच देत नाही. ते कंटाळून पुढच्या घराकडे जातात.

पण आत आलेल्यांचे आपापसात काय चालते, ते मी बघत नाही. एका खोलीतल्या कॉम्प्युटरने दुसऱ्या खोलीत काही पाठवले, तर मी ते मुकाट्याने पोचवतो. पोस्टमन पत्र फोडून वाचत नाही, तसा. आतली राखण दुसऱ्याकडे असते. तो कॉम्प्युटरच्या पोटातच राहतो. त्याला अंग नाही की दिवा नाही. त्याला फायरवॉल म्हणतात. कॉम्प्युटरजवळ कोणीही काही मागायला आले, मग ते बाहेरचे असो की शेजारच्या खोलीतले, तो विचारतो, ‘तू कोण? तुला परवानगी कोणी दिली?’ आठ वर्षे आम्ही एकाच घराची राखण केली, पण आमची कधी भेट झाली नाही.

जयमालाने पहिल्याच दिवशी माझा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. पाहुण्यांसाठी माझ्यावर वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवला, म्हणजे त्यांचे फोन नेट वापरतील पण घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत जाणार नाहीत. नक्ष्यांचे फोल्डर मशीनसाठी उघडे होते. फायरवॉलला तिने सांगून ठेवले होते की या फोल्डरला फक्त मशीनच हात लावील, दुसरे कोणी नाही. हे सगळे ती सकाळी भाकऱ्या झाल्यावर, हाताला पीठ असतानाच, एका बोटाने करायची.

नंदकिशोर एकदा चहा पिता पिता म्हणाला, “दोन-दोन राखणदार कशाला पाळलेत? एक वर फळीवर बसलाय ना?”

“अवो, आमचं शेत खाडीला लागून होतं,” जयमाला म्हणाली. “खारं पानी आत येऊ नये म्हनून गावाचा मोठा बांध होता. तरी माजा बाबा आपल्या शेताला आपला वेगला बांध घालायचा. लोक हसायचे त्याला. एक साल मोठ्या बांधाला खांड पडली. सगल्यांची शेतं खारी झाली. आमचं तेवढं भात हाती आलं.”

“म्हणजे सासरे इंजिनियर होते म्हण की.”

“नाय, भित्रे होते. भित्र्याचंच शेत टिकतं.”

नंदकिशोर हसला आणि कपबशी तिथेच ठेवून कामावर गेला. ती हे कसे करते, हे त्याने विचारले नाही. ज्याला मीठ कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक नाही, त्याला पासवर्ड कुठून ठाऊक असणार? मीही फुगलो होतो. पाहुणे आले की म्हणत, तुमच्याकडे नेट किती छान चालते हो. तेव्हा मला वाटे, या घराची राखण मीच एकटा करतो.

क्षिप्राचे लग्न वरदशी ठरले, तेव्हा जयमालाने शालूवरच्या ब्लाउजची नक्षी काढायला घेतली. महिनाभर ती गिऱ्हाइकांचे काम उरकल्यावर कॉम्प्युटरसमोर बसायची. डावी बाही, उजवी बाही आणि पाठ, अशा तीन नक्ष्या होत्या. दोन्ही बाह्या सारख्या नव्हत्या. क्षिप्रा खोलीत आली की जयमाला कॉम्प्युटरचा पडदा बंद करायची.

“मला तरी दाखव, आई. घालणार मीच आहे ना?”

“शिवल्यावर बघ. आधी बघितलंस तर दहा चुका काढशील. ओलखते मी तुला.”

“पाठीवर काय आहे ते तरी सांग.”

“पाठीवरचं तुला तसंही दिसनार नाय. लोकांना दिसेल. लोक सांगतील तुला.”

मशीनवर चढवण्याआधीच जयमालाला ताप आला. मग कावीळ निघाली. अठरा दिवस वाशीच्या हॉस्पिटलात होती. एकोणिसाव्या दिवशी घरी खूप माणसे आली, पण ती आली नाही.

त्याबद्दल जास्त सांगता येत नाही. लग्न पुढे ढकलले. कॉम्प्युटरवर आणि मशीनवर नंदकिशोरने तिची जुनी सुती साडी घातली. कामावरून आला की तो ती साडी काढायचा, झटकायचा आणि पुन्हा घालायचा. धूळ नसली तरी. मी वरून बघत असे. माझ्याकडे त्या वर्षभरात कोणी बघितले नाही. माझ्यासाठी नव्या सूचना, म्हणजे अपडेट, येणेही बंद झाले होते, कारण माझ्या कंपनीने माझी जातच बंद केली होती. हे जयमालाच्या लगेच लक्षात आले असते.

यंदा लग्नाची तारीख पुन्हा काढली. क्षिप्राने ब्लाउजचे कापड कापून आणले. नंदकिशोरने साडी घडी करून कपाटात ठेवली आणि कॉम्प्युटर सुरू केला. वर्षभराच्या साचलेल्या सूचना कॉम्प्युटरने एका दमात आत ओढल्या. त्या पोचवता पोचवता मीही तापलो. तीन नक्ष्या फोल्डरमध्ये होत्या, त्यांच्या नावांवरून कळत होते. नंदकिशोरचा हात माऊसकडे गेला.

“पप्पा, उघडू नका,” क्षिप्रा म्हणाली. “आईने काय सांगितलं होतं? शिवल्यावर. मशीनवरच उतरू दे.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने माऊस सोडला.

मित्रांनो, इथे पहिली चूक झाली, आणि ती प्रेमाने झाली. तिचा शब्द राखायचा म्हणून त्या नक्ष्या कोणी बघितल्या नाहीत. बघितल्या नाहीत, म्हणून त्यांची दुसरी प्रत काढायचेही कोणाला सुचले नाही.

दुसरी चूक लगेच झाली. मशीनने नक्षी मागितली. नव्या सूचनांमुळे मशीनचा प्रोग्राम बदलला होता, म्हणून फायरवॉलने पडद्यावर चौकट आणून विचारले की हा प्रोग्राम नवा दिसतो, याला येऊ द्यायचे का? प्रश्न इंग्रजीत होता. जयमाला असती तर तिने तो वाचून हो म्हटले असते. नंदकिशोरला वाटले काही तरी बिघडले. त्याने घाबरून चौकट घालवण्याचे बटण दाबले. फायरवॉलने त्याचा अर्थ नाही असा घेतला आणि मशीनला दार बंद केले. फायरवॉल शिस्तीचा आहे. एकदा नाही म्हटले की तो पुन्हा विचारत नाही.

दोन दिवस मशीन मागत राहिली आणि फायरवॉल नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, हितेश आला. हितेश जयमालाचा धाकटा भाऊ, क्षिप्राचा मामा. बोनकोड्याला त्याचा रेती-सिमेंटचा व्यवसाय. पत्रिका कोणाकोणाला द्यायच्या ती यादी करायला तो आपला लॅपटॉप घेऊन आला होता. घरातले दोन उतरलेले चेहरे बघून त्याने विचारले, “काय झायलं? लगीन मोडलं का काय?”

क्षिप्राने सगळे सांगितले. हितेशने खुर्ची ओढली, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “आयला, हा फायरवॉल आडवा पडलाय. ओ भावजी, याला बंद करून टाका ना.”

“सगळाच?”

“सगलाच. आमच्या हापिसात सगल्या कम्प्युटरवं बंदच हाय. दहा साल झाले, काय झायलं नाय.”

“पण जयमाला म्हणायची की...” नंदकिशोर अडखळला. पुढे ती काय म्हणायची ते त्याला नीट आठवेना.

“तो वर डबा हाय ना राखनीला? बाहेरचं तो बघील. नक्षी उतरली की परत चालू करा. दोन मिन्टाचं काम.”

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते, तर मी ओरडलो असतो. सगळे बंद करू नका, फक्त मशीनला परवानगी द्या. पण खरे सांगू? थोडा सुखावलोही होतो. डबा आहे ना राखणीला, असे म्हणाला ना तो.

नंदकिशोरने स्वतःच्या हाताने बटण दाबले. फायरवॉल गेला. मशीन पुढच्याच क्षणी चालू झाली.

अहाहा, तो दिवस! सुई खाली-वर होऊ लागली आणि डाव्या बाहीवर हिरवी पाने उमटू लागली. जाड, देठाशी गोल, टोकाला निमुळती.

“ही कसली पानं?” नंदकिशोरने विचारले.

हितेश वाकून बघत होता. त्याने चेहरा आणखी जवळ नेला. मग म्हणाला, “तिवराची हायत. आमच्या खाडीच्या बांधावरची. ताय नि मी त्याच्या खाली चिंबोऱ्या धरायचो.” पानांमध्ये एक बारीक लाल चिंबोरी, खाडीतला खेकडा, उमटली, तेव्हा क्षिप्रा हसलीही आणि रडलीही. नंदकिशोर बाहीला हात लावायचा आणि सुई टोचेल म्हणून मागे घ्यायचा. वर्षभरात त्या घरात इतके आनंदाचे आवाज मी ऐकले नव्हते.

बाही पूर्ण व्हायला चार तास लागले. रविवारी हितेशकडे बोनकोड्याला क्षिप्राचे केळवण होते, म्हणून उजवी बाही सोमवारी करू असे ठरले. यादी करण्यासाठी हितेशने नेट मागितले. पाहुण्यांचा पासवर्ड फक्त जयमालाला ठाऊक होता. म्हणून जयमालाने त्याच्या फोनमध्ये घालून ठेवलेला घरचाच पासवर्ड नंदकिशोरने दिला. मी हितेशच्या लॅपटॉपला घरातला समजून आत घेतले. मालकाने चावी दिल्यावर मी कोण विचारणारा?

रात्री जाताना हितेश लॅपटॉप तिथेच चार्जिंगला ठेवून गेला. यादी अर्धीच झाली होती. फायरवॉल पुन्हा चालू करायचे कोणाच्याही लक्षात राहिले नाही. नंदकिशोर तर कॉम्प्युटर बंदही करू देईना. “चालतंय तर चालू दे,” तो क्षिप्राला म्हणाला. “बंद केला तर परत अडून बसायचा.”

रविवारी सकाळी दोघे केळवणाला निघाले. नंदकिशोरने खिडक्या लावल्या, गॅसचा नॉब बघितला, दाराला वर आणि खाली कुलूप घातले. जिन्यावरून परत वर येऊन त्याने कुलूप ओढून बघितले. घरात मी, चालू असलेला कॉम्प्युटर आणि हितेशचा लॅपटॉप, एवढेच उरलो.

हितेशने आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी एक प्रोग्राम कुठून तरी फुकट मिळवून लॅपटॉपवर बसवला होता. त्या प्रोग्रामच्या पाठीवर बसून एक चोर आत आला होता, आणि महिनाभर तो लॅपटॉपमध्ये गप्प बसला होता. अकराच्या सुमारास तो उठला. आधी त्याने हितेशच्याच फाइलींना कुलपे घातली. मग माझ्यापाशी येऊन त्याने विचारले, या घरात आणखी कोण कोण आहे?

आणि मित्रांनो, मी सांगितले. तो घरातल्याच लॅपटॉपच्या तोंडून बोलत होता. मला तो घरचाच वाटला. त्याचा एकेक निरोप मी माझ्या हाताने जयमालाच्या कॉम्प्युटरपर्यंत नेला. तिथे फायरवॉल असता तर त्याने विचारले असते, तू मशीन आहेस का? नाहीस ना? मग चालता हो. पण तिथे कोणीच नव्हते. फोल्डर उघडे होते. सात वर्षांच्या नक्ष्या चोराने एकेक करून उचलल्या, कुलूप घातले आणि परत ठेवल्या. उजव्या बाहीवरून आणि पाठीवरूनही हात फिरवला. माझे हिरवे दिवे नेहमीपेक्षा जोरात लुकलुकत होते. ते बघायला घरात कोणी नव्हते. तिकडे बोनकोड्याला त्या वेळी क्षिप्राला मामी घास भरवत असेल.

सोमवारी क्षिप्राने उजव्या बाहीचे कापड रिंगमध्ये ताणून बसवले. मशीनने नक्षी मागितली. ही फाइल वाचता येत नाही, असे उत्तर आले. कॉम्प्युटरवर बघितले तर सगळ्या नावांना पुढे अक्षरांचे विचित्र शेपूट लागलेले, आणि एक चिठ्ठी. पैसे भरा, मग किल्ली देऊ.

नंदकिशोरने सानपाड्यातच दुकान असलेल्या मानसिंगला बोलावले. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचे केस पांढरे झाले होते. हितेशही धावत आला. मानसिंगने तासभर दोन्ही यंत्रे बघितली आणि विचारले, “काका, याची कॉपी कुठे आहे?”

क्षिप्राने जयमालाचा पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात गिऱ्हाइकांच्या शेकडो नक्ष्या होत्या. ब्लाउजची नव्हती. जयमालाचा नियम होता की कापडावर एकदा उतरल्याशिवाय नक्षी पक्की नाही, आणि पक्की झाल्याशिवाय ती पेनड्राइव्हवर घ्यायची नाही.

“पैसे मी भरतो,” हितेश म्हणाला. “किती बोलतात ते बोलू दे.”

“भरू नका, शेठ. चोराच्या शब्दाचा काय भरवसा? पैसे घेऊन पण किल्ली देत नाहीत लोक. तुम्ही पोलिसांकडे सायबरची तक्रार करा. आणि ही डिस्क काढून जपून ठेवा. कधी या चोराची किल्ली कोणाला सापडली तर सापडली. मी आशा लावणार नाही तुम्हाला.”

नंदकिशोर उठला. त्याने मला फळीवरून खेचले. वायर ताडकन तुटल्यासारखी निघाली आणि माझे दिवे विझले.

“मग हा काय कामाचा?” तो मला हातात धरून ओरडला. “आठ वर्षं वर बसून काय केलं याने?”

“काका, त्याचं काम त्याने केलं,” मानसिंग म्हणाला. “बाहेरून कोणी आलं नाही. चोर आतून आला. आतल्या राखणदाराला तुम्ही सुट्टी दिली होती. दोघं लागतात. तुम्ही कंपनीत काय करता?”

“फिटर आहे. पाइपलाइन.”

“मग लाइन उघडायच्या आधी किती व्हॉल्व्ह बंद करता?”

नंदकिशोरने हातातल्या माझ्याकडे बघितले. मग तो खाली बसला, मला मांडीवर घेऊन. “दोन,” तो म्हणाला. “एक कधी ना कधी गळतोच. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. सत्तावीस वर्षं शिकवतोय.”

मला त्याचा राग आला नाही. मलाच माझी लाज वाटत होती.

हितेश दाराजवळ उभा होता. “भावजी,” तो म्हणाला, “तुमी दुसरा कोन तरी मामा बघा. पोरीला बोहल्यावं आनायला मी नाय येनार. तायचं शेवटचं काम होतं ते. माज्यामुलं गेलं.” आणि तो चपला न घालता, त्या हातात घेऊन, जिना उतरून गेला.

पुढचे आठ दिवस घरात लग्नाची कामे चालू होती, पण ती कोणी तरी दुसऱ्याच्या घरची असावीत तशी. हितेश फोन उचलत नव्हता. आगरी घरात मामाशिवाय मुलगी मांडवात कशी जाणार? शेजारच्या बाईने सुचवले की डावी बाही बघून तशीच उजवी करून घ्या, वाशीत करून देतात. क्षिप्रा म्हणाली, “डावी आणि उजवी वेगवेगळ्या होत्या. आईने काय काढलं होतं ते कोणालाच ठाऊक नाही. मग कोणाचंही घालून मी ती आईचीच आहे असं कसं सांगू?”

“अगं, पण एक बाही भरलेली आणि एक कोरी? लोक हसतील.”

“हसू दे.”

नवव्या दिवशी हितेश आला. क्षिप्रानेच मामीकडून निरोप धाडला होता. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला. पाणी दिले तर प्यायला नाही.

“मामा,” क्षिप्रा म्हणाली, “बंद करायला तू सांगितलंस, खरं आहे.”

“हो.”

“बटण पप्पांनी दाबलं.”

नंदकिशोरने मान हलवली.

“आणि उघडून बघू नका, असा हट्ट मी धरला. बघितलं असतं तर निदान काय होतं ते तरी कळलं असतं. मग तू लग्नाला येणार नसशील, तर पप्पांनी पण यायला नको, आणि मी पण नको. वरद एकटा उभा राहील मांडवात. त्याला सांग तूच फोन करून.”

हितेशच्या तोंडून हसू फुटले आणि तेच रडणे झाले. “तायसारखीच बोलतेस गो,” तो म्हणाला. “मरायची पन सोय नाय ठेवत.” नंदकिशोरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग हितेश ते पाणी प्यायला.

लग्न झाले. क्षिप्राने तोच ब्लाउज घातला, एका बाहीवर तिवराची पाने आणि चिंबोरी, दुसरी बाही कोरी, पाठ कोरी. मामाने तिला हाताला धरून आणले. हे मी बघितले नाही. नंदकिशोर आणि हितेश परत आल्यावर बोलत होते, त्यातून ऐकले. दोन-तीन बायकांनी विचारले म्हणे, काम अर्धे राहिले का? क्षिप्रा म्हणाली, हो, राहिले.

माझ्या जागी मानसिंगने नवा राऊटर बसवला. मी तसाही म्हातारा झालो होतो, मला नव्या चोरांची ओळख उरली नव्हती. ते योग्यच झाले. मला मशीनच्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. खण नीट लागत नाही, म्हणून मला खोली दिसते.

आता त्या घरात नंदकिशोर एकटा असतो. मानसिंगकडून त्याने सगळे मराठीत वहीत लिहून घेतले. पाहुण्यांचे नाव वेगळे ठेवायचे. नवीन सूचना आल्या की घ्यायच्या. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची प्रत काढून ती कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवायची. फायरवॉल कधीही सगळा बंद करायचा नाही, ज्याचे काम आहे तेवढ्यालाच वाट द्यायची. परवा पडद्यावर पुन्हा तशीच एक चौकट आली. नंदकिशोरने चष्मा लावला. एकेक इंग्रजी शब्द तो बोट ठेवून वाचत होता, अडला तिथे क्षिप्राला फोन करून विचारत होता. दहा मिनिटे लागली. शेवटी कोणता प्रोग्राम आहे ते त्याला कळले, आणि तो नको आहे हेही कळले. त्याने नाही वर दाबले. मग तो खुर्चीत तसाच बसून राहिला.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. माझ्यासारख्या डब्याला जपा, त्याच्या भरवशावर मात्र झोपू नका. आत दुसरा राखणदार असू द्या, आणि कोणी दोन मिनिटांसाठी त्याला बाजूला करा म्हणाले तर करू नका. पण हे तुम्हाला मानसिंगही सांगेल. मला सांगायचे आहे ते वेगळे. तुमच्या घरात कोणी तरी असेल, जे न बोलता रोज सगळी दारे लावते. आई असेल, बाबा असतील, मोठी बहीण असेल. आज तिच्याशेजारी जाऊन बसा. हे तू कसे करतेस, मला दाखव, असे म्हणा. ती हाताला पीठ असताना सांगेल, घाईत सांगेल, कदाचित हसून टाळेल. तरी विचारा, आणि स्वतःच्या हाताने एकदा करून बघा.

नंदकिशोरला हे विचारायला सात वर्षे होती.